परवानगी ऑनलाइन, पण तपासणार कोण?

'बांधकाम परवानगी ऑनलाइन झाल्यामुळे विलंब संपला' हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या नगरपरिषदेत बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्या रचना सहायकाकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार आहे. साहेब आठवड्यातून एकदा भेटले तर भेटले. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात. पण मध्ये त्रुटी काढली, की उत्तर दिल्यापासून पुन्हा 60 दिवस! माझ्या घराच्या प्रकरणात मुदत संपत आल्यावर शेरा आला, 'मोजणी नकाशा अस्पष्ट'. हे पहिल्याच आठवड्यात सांगता आलं असतं. तोवर सळईचे भाव चढले आणि भाड्याच्या घरातला मुक्काम लांबला.

रिक्त पदं भरा, आणि सगळ्या त्रुटी एकदाच, सुरुवातीलाच कळवणं बंधनकारक करा.