संस्थेच्या धोरणानुसार

बेडरूममध्ये लिनक्स मिंटचा लॅपटॉप, हॉलमध्ये विंडोज ११. मधे बारा फूट अंतर आणि एक शू-रॅक. पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ इकडून तिकडे न्यायचा, एवढंच काम. काल रात्रीचे तीन तास त्यात गेले.

सांबा नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, फोल्डर शेअर केलं, फायरवॉलमध्ये ४४५ नंबरचं पोर्ट उघडलं. शेवटी विंडोजने कळवलं, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटलेल्या पाहुण्यांना प्रवेश नाही.

नेमके तेव्हाच वरचे काका कोजागरीचं पातेलं परत द्यायला आले. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्याने वाचलं.

“कुठली संस्था? आपली?”

“नाही हो काका, ते असंच लिहितात.”

“असंच कसं? ठराव लागतो. गेल्या सभेत भाडेकरूंच्या पार्किंगचं झालं, पाहुण्यांचं काहीच ठरलं नाही. तुला कोणी सांगितलं?”

“संगणकाने. सांबा मला पाहुणा समजतोय.”

“कोण सांब?”

लिनक्स आणि विंडोजचं बोलणं करून देतो तो, असं म्हटलं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलनी विंडोजच्या ‘एसएमबी’ ह्या फाइल देण्याघेण्याच्या बोलीवरून एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शोधून हे नाव काढलं, हेही सांगितलं. ते कशाला सांगितलं कोण जाणे.

“भोळा सांब म्हणतात ना? मग हा एवढा संशयी कसा?” असं म्हणून काका खुर्ची ओढून बसले. चहा झाला. दुसरा झाला.

साडेअकराला उलगडा झाला. सांबाची पासवर्डांची वही वेगळी असते. लॅपटॉपवर माझं खातं असलं तरी त्या वहीत माझं नाव नव्हतं. नवीन मिंट टाकल्यावर ते लिहायचं मीच विसरलो होतो. म्हणून सांबाने घरमालकाला पाहुणा ठरवलं आणि विंडोजने पाहुण्याला दारातून परत पाठवलं. एका ओळीची कमांड, दोनदा पासवर्ड, आणि फोल्डर उघडलं. चूक माझीच, कबूल. पण दोन खोल्यांच्या घरात ‘संस्था’ कसली? ‘बाबा रे, तुझं नाव नोंदवलेलं नाही’ एवढं लिहायला काय जातं ह्या लोकांचं?

आज सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली आहे: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संगणकावर पाहुण्यांना मनाई करण्याचा कोणताही ठराव संस्थेने केलेला नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.’

खाली कंसात माझा फ्लॅट नंबर.