पाइपात अडकलेला प्रश्न

चाटी गल्लीतल्या कापड दुकानदाराला काळ्या खिडकीची, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या टर्मिनलची, धास्ती असते. त्याचा हिशेबाचा जुना प्रोग्राम ठणठणीत असतो: प्रश्न विचारतो, उत्तर टाइप केलं की पुढं सरकतो. फक्त तो 'दिसायला बरा' हवा. एक खिडकी, चार बटणं, मधोमध प्रोग्रामचं बोलणं. "एवढंच तर काम आहे" हे ऐकलं की मला घाम फुटतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो आधीच फुटलेला असतो.

पहिली बुद्धी सुचते ती पाइपची, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीची. दोन्ही टोकांना पाइप जोडले, बटण दाबलं, की प्रोग्राम मौनव्रत धरतो.

"काय ओ, बंद पडलं वाटतं?"

पडलेलं नसतं. प्रोग्राम ज्यावर उभा असतो ती सी भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) आधी पाहते, समोर टर्मिनल आहे का. असेल तर ओळ संपली की मजकूर सोडते. नसेल तर साठवत बसते, लिनक्सवर पाइप असला तर बहुधा ४०९६ बाइट भरेपर्यंत. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. नळ चार दिवस कोरडा, मग एकदम घरातली सगळी पिंपं, घागरी, पातेली भरा. पण पाणी निदान येतं तरी! इथं टाकी भरायला उत्तर टाइप करायला हवं, उत्तरासाठी प्रश्न दिसायला हवा, आणि प्रश्न टाकीत.

कोड आपला असेल तर प्रत्येक प्रश्नानंतर 'एफफ्लश' करावं, म्हणजे साठलेलं लगेच सोडायला लावावं. पायथन असेल तर साठवण बंद करणारा 'यू' पर्याय द्यावा. परक्या प्रोग्रामला 'स्टडबफ' हे साठवण बदलणारं साधन लावून बघावं, पण ओळीगणिक सोडायला सांगून भागत नाही: 'दर किती?' याच्या शेवटी नवी ओळ नसतेच. साठवण पूर्ण बंद करावी लागते, आणि ज्या प्रोग्राममध्ये लायब्ररी आतच जोडलेली असते तो तरीही दाद देत नाही.

मग सोंग घ्यावं लागतं. स्यूडो-टर्मिनल म्हणजे खोटं टर्मिनल. प्रोग्रामला वाटतं समोर माणूस बसलाय, आणि तो बोलायला लागतो. हे हातानं लिहू नये. खिडक्या-बटणं बनवायच्या जीटीके या साधनसंचात 'व्हीटीई' हे तयार विजेट (खिडकीत बसवायचा तुकडा) आहे, जीनोम टर्मिनल त्यावरच चालतं, क्यूटी हा दुसरा संच वापरणाऱ्यांना 'क्यूटर्मविजेट'. हौसेनं साध्या मजकुराच्या चौकटीत ओतलं, तर रंगांचे संकेत अक्षरांसारखे उमटतात, टाइप केलेलं दोनदा दिसतं, खिडकी ताणली तरी प्रोग्रामला पत्ता नसतो (नवा आकार कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळवावा लागतो) आणि देवनागरी फुटते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, अक्षर असो की काना-मात्रा, ३ बाइट. दोन इथं आले, तिसरा पुढच्या खेपेला, की 'चादर'चं प्रश्नचिन्ह. अर्धवट बाइट राखून ठेवावेत. प्रोग्राम संपला की लिनक्सवर वाचताना 'ईआयओ' हा त्रुटीचा संकेत येतो. ती चूक नव्हे, निरोप आहे.

सगळं जुळतं तेव्हा चार बटणांच्या मधोमध तीच काळी खिडकी उभी असते. मी पार्श्वभूमी पांढरी करतो.