बाळाकाकांच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या चाळीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात बाळाकाकांनी एक मजकूर टाकला. दुसऱ्या दिवशी तोच ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या मावसबहिणीकडून पुन्हा. वर एका चौकात हिरवे झेंडे घेतलेल्या तुफान गर्दीचा फोटो, खाली पाच मुद्दे आणि शेवटी नेहमीचं 'मराठी असाल तर पुढे पाठवा'.

थोडक्यात मुद्दे असे. एक, मुंबईत रस्त्यावरची मिरवणूक ही आपली परंपरा. मोहरमचे ताबूत (इमाम हुसेनच्या कबरीच्या प्रतिकृती) नि ईदचा जुलूस ही मागून आलेली नक्कल. दोन, पोलिसांचा दंडुका फक्त आपल्या मिरवणुकीवर पडतो, 'त्यांच्या' मिरवणुकीला हात लावायची कुणाची टाप नाही. तीन, ईद-ए-मिलादचा, म्हणजे पैगंबर जयंतीचा, जुलूस मुद्दाम विसर्जनाच्या तोंडावर काढतात. चार, चौकात जुलूस काढायचा त्यांना कायद्यानं हक्कच नाही. पाच, आवाजाचे नियम फक्त बाप्पाला.

मी लालबागचा. मंडळाच्या बिल्ल्याला सेफ्टी पिन लावून विसर्जनाच्या रात्री दोरी धरून चाललेला माणूस. तेव्हा हे कुठल्या 'सेक्युलर' टोळीचं उत्तर आहे म्हणून उडवून लावू नका. बाळाकाका माझ्या वडिलांच्या जागी आहेत, पण इतिहासात वडीलकी चालत नाही.

पहिला मुद्दा घेऊ. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत रस्त्यावरचा सगळ्यात मोठा सण कोणता होता? मोहरम. दहा दिवस मोहल्ल्यामोहल्ल्यात ताबूत बसायचे, टोळ्या ढोल-ताशे वाजवत हिंडायच्या, अंगाला पट्टे रंगवून वाघाची सोंगं निघायची आणि शेवटच्या दिवशी ताबूत पाण्यात 'थंडे' व्हायचे. बघायला आणि नाचायला हिंदूही असायचे. नवस बोलायचे, फकीर व्हायचे, काही ठिकाणी स्वतःचे ताबूतही बसवायचे. एखाद्याचा जोर ओसरला की आपण आजही 'त्याचे ताबूत थंडे झाले' म्हणतो. हा वाक्प्रचार मराठीत कुठून आला असेल, काकांनीच सांगावं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला आजही गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यात हिंदू घराण्यांचे मान असतात. ज्याला खात्री करायची आहे त्यानं मोहरममध्ये एसटी पकडावी.

मग मुंबईतला सार्वजनिक गणपती कधीचा? गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीतला 1893 चा. घरातला गणपती शतकांचा जुना, त्याबद्दल वाद नाही. पण तो चौकात आणून, मेळे (गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची पथकं) काढून, सगळ्यांनी मिळून वाजतगाजत विसर्जनाला न्यायचं हे रूप त्या दोन-तीन वर्षांत उभं राहिलं. टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि ज्या काळात दिलं तो काळ पाहिला की कारणही कळतं. 1893 च्या मोहरममध्ये काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झाली. तिचे पडसाद 11 ऑगस्ट 1893 ला मुंबईत उमटले. शुक्रवारच्या नमाजानंतर जामा मशिदीतून निघालेला जमाव जवळच्या हनुमान गल्लीतल्या देवळावर गेला. पुढे दोन्हीकडून कत्तल झाली, लष्कर बोलवावं लागलं. हे मी लपवत नाही, लपवायचं कारणही नाही. त्यानंतर पुण्यात हिंदूंना ताबुतांत जाऊ नका असं सांगण्यात आलं आणि 1894 मध्ये त्यांनी खरोखर पाठ फिरवली. आता ढोल वाजवणारी, नाचणारी, पदं म्हणणारी ती पोरं गेली कुठे? गणपतीपुढच्या मेळ्यांत. टोळीतली बरीच कला मेळ्यात आली. म्हणजे नक्कल शोधायचीच असेल तर ती नेमकी उलट्या बाजूला सापडते. मला स्वतःला यात कमीपणाचं काही वाटत नाही. गाणं चांगलं असलं की ते उचलतात.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण फॉरवर्ड लिहिणारा इथे सगळ्यात जास्त घसरला आहे.

मुंबईतल्या दंगली म्हणजे कायम हिंदू विरुद्ध मुसलमान, असं त्यानं गृहीत धरलंय. 1851 आणि 1874 च्या दंगली पारशी आणि मुसलमान यांच्यातल्या. 1904 आणि 1908 च्या मोहरममधल्या मारामाऱ्या तर मुसलमानांच्या आपापसातल्याच, सुन्नी एकीकडे आणि शिया-बोहरी दुसरीकडे. कुठल्या गल्लीतून कुणाची टोळी जाणार, कुणाच्या घरासमोर ताशा जास्त वेळ वाजणार, यावरून. पंथ वेगळे, भांडण मात्र ओळखीचं. आपल्याकडे दोन मंडळं एकाच वेळी एका नाक्यावर आली की मागच्या ट्रकवरून जे ऐकू येतं, तेच.

आणि या सगळ्यावर पोलिसांनी काय केलं? जानेवारी 1911 च्या मोहरममध्ये भेंडीबाजाराच्या बाजूला लष्करानं गोळीबार केला, माणसं मेली. तेव्हाचे पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी पाठोपाठ नवे नियम आणले. टोळ्या बंद. डॉक्टर स्ट्रीटसारख्या ठरावीक गल्ल्यांत बंदी. ताबुतांना परवान्याच्या अशा अटी की मोहल्ल्यांनी परवाने मागणंच सोडलं. 1912 च्या सुमारास मुंबईच्या सुन्नी मोहल्ल्यांतली ताबुतांची ती भव्य मिरवणूक संपली ती संपलीच. शियांचा आशुऱ्याचा (मोहरमच्या दहाव्या दिवसाचा) मातमी जुलूस आजही डोंगरीच्या बाजूने माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानाकडे जातो, पण ते दुःखाचं चालणं आहे. ढोल-ताशा आणि वाघाची सोंगं असलेला जुना मुंबईचा मोहरम आता फक्त कागदांत आहे.

आता सांगा, या शहरात पोलिसांच्या नियमांनी अख्खी मिरवणूक कुणाची बंद पडली? बाप्पाची नाही. बाप्पाची मिरवणूक 1893 च्या मानानं कितीतरी वाढली आहे. तरीही 'टाप नाही' हे वाक्य कुणाच्या बोटांतून निघतं, कोण जाणे.

तिसरा मुद्दा वाचून मी कालनिर्णय काढून बसलो.

2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. 2024 ला ईद 16 तारखेला, विसर्जन 17 ला. 2025 ला ईद 5 सप्टेंबरला, विसर्जन 6 ला. तीन वर्षं लागोपाठ. फॉरवर्डवाल्याला यात डाव दिसतो. पण यात एकच गडी खेळतोय, तो म्हणजे चंद्र. मुसलमानी महिना अमावास्येनंतर कोर दिसली की सुरू होतो. ईद-ए-मिलाद त्यांच्या रबी-उल-अव्वल महिन्याच्या बाराव्या तारखेला असते. त्यामुळे ती आपल्या शुद्ध द्वादशी ते चतुर्दशीच्या आसपास पडणार. त्यांचा रबी-उल-अव्वल आणि आपला भाद्रपद जोडीने आले, की ईद आणि अनंत चतुर्दशी शेजारीच बसणार. कुणी ठरवो न ठरवो.

मग हे दरवर्षी का होत नाही? कारण आपण अधिक महिना घालतो, ते घालत नाहीत. त्यांचं वर्ष 354 दिवसांचं आणि तसंच पुढे चालत राहतं. आपण साधारण अडीच-तीन वर्षांनी एक महिना घुसवून ऋतू जागेवर आणतो. 2023 च्या अधिक श्रावणानं ही जोडी जुळवली आणि 2026 च्या अधिक ज्येष्ठानं ती सोडवली: 2026 मध्ये ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या शेवटी आणि अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. मधे चांगला महिना. पुढे साधारण 32-33 वर्षांनी पुन्हा जोडी जमेल, तेव्हा हाच फॉरवर्ड कुठल्यातरी नव्या यंत्रावर येईल.

याच हिशेबानं 2024 मध्ये आषाढी एकादशी आणि आशुरा एकाच दिवशी आले, 17 जुलैला. 2025 ला पुन्हा एकाच दिवशी, 6 जुलैला. 2023 ला आषाढी आणि बकरी ईद दोन्ही 29 जूनला होती, तेव्हा राज्यात बऱ्याच गावांनी कुर्बानी पुढे ढकलली. त्याचा फॉरवर्ड कुणी केल्याचं मला आठवत नाही.

बरं, तारखा जुळल्यावर जुलूसवाल्यांनी काय केलं? 2023 मध्ये भायखळ्याच्या खिलाफत हाउसमधल्या समितीनं मुंबईचा जुलूस 29 तारखेला नेला आणि सरकारनं त्या दिवशी सुट्टी दिली. 2024 मध्ये जुलूस 18 ला गेला, मुंबईची सुट्टीही 16 वरून 18 ला. 2025 मध्ये 8 सप्टेंबर. तीनही वर्षं विसर्जनाच्या नंतर. 'विसर्जनाच्या तोंडावर मुद्दाम' म्हणणाऱ्यानं निदान आपली सुट्टी कधी होती ते आठवायचं. ऑफिसला दांडी मारायचं प्लॅनिंग तर सगळ्यांनी केलं होतं.

हे सगळं आपोआप होत नाही, एवढं फक्त मंडळात काम केलेल्याला कळतं. विसर्जनाच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, गार झालेला चहा, भिंतीवर मार्गाचा नकाशा. समोरच्या ओळीत मंडळांचे अध्यक्ष, मागे मशिदीचे विश्वस्त, मोहल्ला कमिटीची माणसं. 1992-93 च्या दंगलींनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनींच्या काळात या कमिट्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही अजून जिवंत आहेत. एका वर्षी मागून एक दाढीवाले चाचा उठून म्हणाले, "साहेब, मूर्ती आमच्या गल्लीच्या तोंडाला किती वाजता येणार ते नक्की सांगा, पोरांना पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं करायचंय." आमच्या अध्यक्षांनी रात्री दोन सांगितलं. मूर्ती पोचली पहाटे सव्वापाचला. बाटल्या तेव्हाही होत्या, पोरं मात्र फुटपाथवर झोपलेली होती.

लालबागच्या राजाचा मार्ग बघा ना. चिंचपोकळी, भायखळा, नागपाडा, दो टाकी, गोल देऊळ. मार्गाचा बराच भाग मुसलमान वस्तीतून. भायखळ्याला अग्निशमन दल भोंगे वाजवून सलामी देतं आणि हिंदुस्तानी मशिदीपाशी स्वागत होतं. हे दर वर्षी टीव्हीवर दिसतं, त्याला माझी साक्ष लागत नाही.

चौथा मुद्दा कायद्याचा, तो झटपट उरकतो. रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयानं) 1924 सालीच मान्य केला. तो खटलाही शिया आणि सुन्नी यांच्यातला होता. इतरांच्या वहिवाटीला अडथळा नको आणि अधिकाऱ्यांचे आदेश पाळायचे, ही अट तेव्हापासूनची. शस्त्राविना शांततेनं जमण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे, धर्म आचरण्याचा 25 व्या कलमात, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अटीसकट. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका प्रकरणात सांगितलं की पोलीस नियमन करू शकतात, पण मनमानी नकार देऊ शकत नाहीत. बाकी मार्ग, वेळ, वाद्यं हे सगळं महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली आयुक्त ठरवतात. यात कुठल्या एका धर्माला वेगळा नियम नाही. ज्या कागदावर बाप्पाला परवानगी मिळते, त्याच नमुन्याच्या कागदावर जुलूसलाही. 'त्यांना हक्क नाही' असं म्हणून तो कागद फाडला, तर आपला कुठल्या खिशातून काढणार?

पाचव्यात मात्र बाळाकाकांच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. आवाजाचा त्रास खरा आहे. ग्रँट रोडला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या खिडकीच्या काचा डीजेनं थरथरतात, बाप्पाच्या वेळीही आणि जुलूसच्या वेळीही. तिला विचारलं तर ती दोघांनाही सारख्याच शिव्या घालते. पण 'फक्त बाप्पाला' हे खोटं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा 2000 सालच्या केंद्राच्या नियमांतला नियम सगळ्यांना आहे. त्यातून राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातला मोठा वाटा गणेशोत्सवाला मिळतो. सप्टेंबर 2024 मध्ये ईदच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझरविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका आली, तेव्हा न्यायालयानं काय म्हटलं? जे गणेशोत्सवात घातक, ते ईदमध्येही घातक. यापेक्षा सरळ मी काय सांगणार.

राहिला तो फोटो. चौक, हिरवे झेंडे, वर 'ही आपली मुंबई' असा लाल मजकूर. रविवारी काकांकडे गेलो, त्यांच्याच फोनवर तो मोठा करून दाखवला. म्हटलं, "काका, या बसकडे बघा. कुठल्या बाजूनं चाललीय?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. बस रस्त्याच्या उजव्या बाजूनं जात होती, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर ना देवनागरी होती, ना इंग्रजी.

"अरे, हे आपलं नाहीच," काका म्हणाले. काकूंनी पोहे आणून ठेवले. फॉरवर्ड अजून ग्रुपवर आहे. काढायचा कसा ते काकांना येत नाही, पुढच्या रविवारी मीच शिकवणार आहे.