वर्गात बसलेलं मूल पटावर का नाही?

पुण्यात कात्रज भागातल्या मनपाच्या एका छोट्या मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन. कागदावर पट 57, पण वर्गात 66 मुलं बसतात. ही जास्तीची मुलं मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची. कुणाचं आधार निघालेलं नाही, कुणाची जन्मतारीख शाळेतल्या नोंदीशी जुळत नाही, काही तर दिवाळीनंतर आलेली.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणं, होते 30 सप्टेंबरच्या पटावर, तीही आधार वैध ठरलेल्या मुलांच्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 पर्यंत दोन शिक्षक आणि 61 पासून तीन. म्हणजे आमचा तिसरा शिक्षक अडकलाय तो या मुलांच्या कागदांत.

मला संताप याचा येतो की हाच 2009 चा कायदा सांगतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून अडवायचं नाही. आमच्या बाईंनी तो पाळला, प्रत्येक मुलाला वर्गात घेतलं. त्याच मुलाला शिकवायला माणूस द्यायची वेळ आली की मात्र ते मोजायचंच नाही?

बाई पहिली-दुसरीचा जोडवर्ग घेतात. सर तिसरी-चौथी सांभाळून प्रभारी मुख्याध्यापक, कारण मुख्याध्यापकाचं पद 150 च्या वर पट असेल तरच. पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसची (शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीची) माहिती, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. सर ती यादी घेऊन बाहेर पडले की चारही वर्ग बाईंकडे. पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवताना जवळ कुणी बसायला लागतं, ते कोण बसणार? हे बघून पालक पोरं काढून इंग्रजी शाळेत घालतात, पट आणखी घसरतो, आणि मग म्हणायचं की मराठी शाळेला मुलंच नाहीत.

बोगस पट रोखायला आधार हवं, हे मला मान्य आहे. 2011 च्या पटपडताळणीत कागदावरची किती खोटी मुलं निघाली ते सगळ्यांना आठवतंय. पण तपासायचंच तर अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन मुलं मोजावीत, हजेरीपट बघावा. शहरातल्या शाळांची जानेवारीत दुसरी मोजणी व्हावी.

असा ठराव आम्ही समितीत मांडतोय. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा आपल्या शाळेच्या समितीवर असाल तर तुम्हीही मांडा आणि शिक्षण विभागाला द्या. पोच घ्यायला विसरू नका.