ॲडव्हेंचर आयलंड २ म्हणे चोरीचा गेम! जरा थांबा राव

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, नव्वदच्या दशकात टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून खेळलेल्या प्रत्येकाकडे तो कुठून ना कुठून येतोच. थोडक्यात मजकूर असा, की "आपण लहानपणी जो आदिमानवाचा गेम खेळायचो, गवताचा घागरा घालून कुऱ्हाडी फेकणारा, तो ॲडव्हेंचर आयलंड अख्खा चोरीचा होता. हडसन कंपनीने सेगा कंपनीचा वंडर बॉय गेम ढापला आणि फक्त हिरो बदलला. पार्ट टू म्हणजे तोच गेम, वर डायनासोर चिकटवलेले, तेही मारिओच्या योशीवरून उचललेले. सगळा चायना माल. आणि ज्या माणसावरून तो हिरो बनवला त्याला पुढे फसवणुकीसाठी अटक झाली." खाली हसून रडणारे इमोजी आणि "किती जणांना माहीत होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं, कारण यातलं बरंचसं घडलेलंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक मुद्दा अर्धा खरा आहे, तो कुठे खरा आणि कुठे नाही तेही सांगतो, पण आधी सोपं उरकून घेऊ.

आदिमानव. दिसतो तसा, मान्य. दगडी कुऱ्हाडी, उघडं अंग, कमरेला गवत, आजूबाजूला डायनासोर. पण त्याच्या डोक्याकडे बघा की, टोपी आहे! क्रिकेटवाले घालतात तसली पुढे चोच असलेली पांढरी टोपी, आणि मधेच अंड्यातून स्केटबोर्ड निघतो त्यावर हा स्वार होतो. असला कुठला आदिमानव. हा हिरो म्हणजे हडसन सॉफ्ट कंपनीत नोकरी करणारा खराखुरा माणूस, तोशियुकी ताकाहाशी, कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघायचा आणि जपानभर 'ताकाहाशी मेइजिन', म्हणजे उस्ताद ताकाहाशी, म्हणून पोरांमध्ये स्टार होता. सेकंदाला १६ वेळा बटण दाबतो ही त्याची ख्याती. अमेरिकेत त्याला कोण ओळखणार, म्हणून तिकडे त्याचं नाव मास्टर हिगिन्स केलं, आणि आपल्याकडे आलेल्या कॅसेटींवर तर नाव वाचायची कुणाला गरज पडली नाही. तेव्हा आदिमानव म्हणणाऱ्याला दोष नाही देत मी, पण "कुठलातरी जंगली हिरो काढून टाकला" असा जो मेसेजचा सूर आहे तो चुकीचा आहे.

आता मेन मुद्दा, चोरी. इथे जरा सविस्तर बोलावं लागेल.

वंडर बॉय १९८६ सालचा, आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा गेम. बनवला कुणी? सेगाने नाही. बनवला एस्केप नावाच्या छोट्या जपानी कंपनीने, जिला पुढे वेस्टोन नाव पडलं, र्‍युइची निशिझावा हा त्यातला मुख्य माणूस. सेगाने तो बाजारात आणला. आणि दोघांच्यात हक्कांची वाटणी अशी होती की 'वंडर बॉय' हे नाव आणि त्यातलं पात्र सेगाचं, पण गेम, म्हणजे त्या लेव्हली, ती उडी, ती कुऱ्हाड, ती फळं खाऊन जगायची सिस्टीम, हे एस्केपकडेच राहिलं. हडसनला हा गेम फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या मशीनवर आणायचा होता, त्यांनी एस्केपकडून रीतसर लायसन्स घेतलं. नाव आणि पोरगा सेगाचा, ते वापरता येईना, मग स्वतःच्याच कंपनीतला स्टार माणूस त्या जागी उभा केला. सप्टेंबर १९८६ मध्ये जपानात गेम आला सुद्धा.

आपल्याकडे नाटकवाल्यांना हे लगेच कळेल. लेखकाने संहितेचे हक्क दुसऱ्या संस्थेला दिले, पण जुन्या निर्मात्याने नाटकाचं नाव आपल्या नावावर ठेवलंय, मग नवी संस्था नाव बदलते, नट बदलते आणि प्रयोग लावते. याला चोरी म्हणतो का आपण? लेखकाला पैसे गेलेत, सही झालीये.

आणि हे एकदाच झालं असतं तर म्हटलं असतं काहीतरी गडबड असेल. पण एस्केप आणि वेस्टोनचे गेम असेच नाव बदलून फिरलेत, वंडर बॉयचा पुढचा मॉन्स्टर लँड हडसननेच पीसी इंजिन नावाच्या दुसऱ्या गेम मशीनवर बिक्कुरीमान वर्ल्ड म्हणून काढला, तोच मॉन्स्टर लँड फॅमिकॉमवर जालेको या कंपनीने माकडराजाला हिरो करून सैयुकी वर्ल्ड म्हणून आणला. त्यानंतरचा ड्रॅगन्स ट्रॅप पीसी इंजिनवर अमेरिकेत ड्रॅगन्स कर्स झाला, आणि जपानात त्याचंच नाव काय ठेवलं माहितीये? ॲडव्हेंचर आयलंड! म्हणजे ज्याच्यात ना हिगिन्स ना कुऱ्हाड, एक माणूस ड्रॅगन होतो उंदीर होतो असला गेम, त्याचं नाव ॲडव्हेंचर आयलंड. गोंधळ आहे खरा, डोकं फिरतं, पण तो कागदोपत्री परवानगीचा गोंधळ आहे. चोर असा उघड दुकान मांडून एकाच घरातून पुन्हापुन्हा माल आणत नाही.

अर्धं खरं ते इथेच. पहिला ॲडव्हेंचर आयलंड आणि वंडर बॉय शेजारी शेजारी ठेवले तर ते एकच आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आठ एरिया, प्रत्येकी चार राउंड, एरियाच्या शेवटी तोच बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मुंडकं उडालं की आत दुसरं मुंडकं आणि पळाला पुढच्या एरियात. बदल किरकोळ. वंडर बॉयमध्ये वाईट अंड्यातून यमदूत निघायचा आणि एनर्जी खायचा, हडसनने त्याच्या जागी वांगं आणलं, ते डोक्यावर तरंगत राहतं आणि एनर्जीची पट्टी सरसर उतरते. एवढंच. पहिल्या पार्टवर कुणी म्हटलं की "यात हडसनचं स्वतःचं काय?" तर मी गप्प बसेन.

पण मेसेज पहिल्यावर थांबत नाही ना, तो म्हणतो पार्ट टू पण तोच. हे ज्याने लिहिलं त्याने पार्ट टू पहिलं बेट संपेपर्यंत तरी खेळलाय का, शंका आहे.

पार्ट टू १९९१ चा, म्हणजे पाच वर्षांनी आलेला, आणि वंडर बॉयशी गेमच्या आतलं नातं हडसनने इथे तोडलं. चालणं, कुऱ्हाड, फळं आणि ती सतत घटणारी पट्टी ठेवली, बाकी घर नवीन बांधलं. आठ बेटं आहेत. सरळ उजवीकडे धावत सुटायचं हे एकच काम नाही, वर चढायचं आहे, पाण्यात पोहायचं आहे. लेव्हली छोट्या केल्या, पण संख्येने भरपूर. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे साठा. पहिल्या गेममध्ये मेलात की हातातलं सगळं गेलं, कुऱ्हाड सुद्धा गेली, परत अंडं शोधा. दुसऱ्यामध्ये मिळालेल्या वस्तू जमा होतात आणि लेव्हल सुरू व्हायच्या आधी एक स्क्रीन येतो, त्यावर तुमच्याकडे किती कुऱ्हाडी आहेत, कुठले डायनासोर किती आहेत ते दिसतं आणि यातलं काय घेऊन जायचं ते तुम्ही ठरवता. ऐकायला बारीक गोष्ट वाटते, पण खेळताना अख्खं डोकं बदलतं. समजा उडणारा एकच उरलाय, पुढची लेव्हल कशी आहे माहीत नाही. आता काढायचा की दोन लेव्हल पुढे खड्डेच खड्डे लागले तर ठेवायचा? कंजूषपणा करत सगळं साठवून ठेवणारे आणि तिथेच मरणारे लोक मी बघितलेत, घरचेच होते. पहिल्या गेममध्ये असला प्रश्नच कधी पडत नाही, तिथे फक्त बोटं चालतात.

बॉसचं पण बघा. पहिल्यात एकच बॉस मुंडकी बदलत पळतो. दुसऱ्यात प्रत्येक बेटाचा बॉस वेगळा, आणि तुम्ही त्याच्याशी लढताना मेलात तर तो तिथे तुमची वाट बघत बसत नाही, बेटावरच दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो, मग तुम्हाला तिथली वेगळी लेव्हल पार करून त्याला गाठावं लागतं. म्हणजे चांगला खेळणारा माणूस गेमचा काही भाग कधी बघतच नाही, आणि वाईट खेळणारा सगळं बेट बघून येतो. मला तरी ही आयडिया भारी वाटते, त्या काळात तर फारच. "तोच गेम परत विकला" म्हणणाऱ्याने वंडर बॉयमध्ये हे कुठे आहे ते दाखवावं.

आता योशी, मारिओ ज्याच्यावर बसतो तो डायनासोर. इथे मेसेजवाल्याने तारखांचा आधार घेतलाय असं तो समजतो. योशी पहिल्यांदा दिसला तो सुपर मारिओ वर्ल्ड जपानात आला २१ नोव्हेंबर १९९० ला. ॲडव्हेंचर आयलंड २ अमेरिकेत १९९१ च्या सुरुवातीला आणि जपानात एप्रिलमध्ये. म्हणजे योशी आधी, हे बरोबर. पण मधे गेले फक्त काही महिने. तेवढ्यात कुणी दुसऱ्याचा गेम बघून, चार वेगळे डायनासोर काढून, त्यांच्या हिशोबाने आठ बेटांच्या लेव्हली बांधून, टेस्ट करून, कॅसेटी छापून दुकानात पोचवेल? जमलं असेल म्हणणाऱ्याने नुसत्या दोन तारखा शेजारी ठेवून भागत नाही.

तारखा सोडा, ते चालतात कसे ते बघा. योशी जीभ काढतो, गिळतो, थुंकतो, अंडी देतो, आणि मार लागला की घाबरून पळत सुटतो, त्याच्यामागे धावून परत चढायचं. हिगिन्सच्या डायनासोरांचं असं काही नाही. पत्त्यांच्या चार चिन्हांवरून ते मिळतात, कुठल्या चिन्हातून कोण हे ठरलेलं. एक शेपटीचा फटका मारतो, एक आग ओकतो, एक पाण्यात सुसाट आणि जमिनीवर अगदी रखडत चालतो, एक उडतो. आणि एक धक्का लागला की डायनासोर गेला, तुम्ही वाचलात, खेळ पुढे चालू. हे ऐकून काय आठवतं? स्केटबोर्ड! अगदी तेच, बसा, वेगळ्या पद्धतीने हला, एक धक्का फुकट, मग परत पायी. आणि स्केटबोर्ड कुठून आलाय? वंडर बॉयमधून, १९८६ पासून. म्हणजे उचलायचंच होतं तर घरातच होतं, योशीकडे जायची गरज काय. स्केटबोर्डवर थांबता येत नाही, डायनासोरावर थांबता येतं, एवढी सोय वाढवली. पार्ट थ्रीमध्ये, १९९२ ला, त्यात ट्रायसेराटॉप्स पण आला, म्हणजे हडसनला स्वतःला ही कल्पना पटली होती आणि ती ते वाढवत गेले. एक मात्र कबूल, त्या काळात डायनासोर सगळ्यांनाच चढले होते, आणि योशीचं यश बघून हडसनवाले खूश झाले नसतील असं मी म्हणत नाही. पण हवा एक असणं वेगळं, नक्कल वेगळी.

चायना माल हा आरोप तर ऐकून हसूच येतं. हडसन सॉफ्ट जपानची, साप्पोरोची कंपनी, १९७३ साली सुरू झालेली, फॅमिकॉमसाठी निन्टेन्डोच्या बाहेरून गेम काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांपैकी, आणि २०१२ मध्ये कोनामी या दुसऱ्या जपानी गेम कंपनीत विलीन झाली. ॲडव्हेंचर आयलंड ४ तर २४ जून १९९४ ला आला, तो फॅमिकॉमसाठी जपानात अधिकृतपणे निघालेला शेवटचा गेम. डुप्लिकेट होतं ते आपलं मशीन आणि आपली कॅसेट! फॅमिकॉमच्या नकला आपल्या बाजारात आल्या, "९९९९ इन १" लिहिलेल्या कॅसेटी आल्या, ज्यात खरे गेम मूठभर आणि बाकी तेच तेच फिरवून फिरवून, आणि त्या कॅसेटीतून हडसनला एक रुपया गेला नसणार. म्हणजे चोरी झालीच असेल तर ती हडसनच्या गेमची झाली, हडसनने केली नाही. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच, आणि या गेममध्ये तर वांगं खरोखरच आहे. त्या कॅसेटी घेऊन आपण खेळलो, मजा केली, दोनदा फुंकर मारून परत लावली, ठीक आहे, लहान होतो. पण आता तीस वर्षांनी उलटं त्यांनाच चोर म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

राहिली ती अटक. ही अफवा मेसेजवाल्याने शोधलेली नाही, जपानात ती ऐंशीच्या दशकातच पोरांमध्ये पसरली होती, की ताकाहाशी मेइजिनने रिमोटमध्ये स्प्रिंग बसवली होती, म्हणून सेकंदाला १६ वेळा बटण दाबायचा, आणि ते उघड झालं म्हणून पोलिसांनी धरलं. स्प्रिंगसाठी पोलीस! पण पोरांच्या गप्पांना कुठे कायदा लागतो. स्प्रिंगचं म्हणाल तर बटण किती वेगाने दाबता ते मोजायचं छोटं खेळणं हडसननेच १९८७ मध्ये बाजारात आणलं, शूटिंग वॉच नावाचं, ज्याला शंका असेल त्याने स्वतः दाबून बघावं असा मामला. आणि हा माणूस गेम विकायला गावोगाव फिरायचा आणि वर पोरांना सांगायचा की गेम दिवसातून एकच तास खेळा, जपानमधल्या आईबापांना तो आवडायचा तो याच्यामुळे. पोलीस ठाण्यात तो गेला होता हे मात्र खरं. तिकडे प्रसिद्ध लोकांना बोलावून एका दिवसापुरतं ठाण्याचं प्रमुख करायची पद्धत आहे, जनजागृतीसाठी, तसं त्याला बोलावलं होतं. "मेइजिन पोलीस ठाण्यात" एवढंच कुणीतरी ऐकलं आणि पराचा कावळा झाला. अटक कसली, त्या दिवशी ठाण्याचा साहेब होता तो.