शाल नको, खुर्ची द्या

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकानं परत ती क्लिप टाकली. 5 जुलै 2025, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, व्हिला पार्कचं फुटबॉल मैदान. ब्लॅक सॅबथ ह्या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न काळ्या सिंहासनावर बसलाय, उभं राहता येत नाही, आणि घरी परत येण्याचं ते गाणं म्हणताना आवाज फाटतोय. खाली आमचे मित्र लिहितात, "कोणीतरी ह्या आजोबांना वेळेवर घरी बसवायला हवं होतं." त्यावर अकरा जणांनी हसून दाखवलंय. मी मोजले.

हे तेच लोक, ज्यांनी माझ्याकडची ब्लॅक सॅबथची कॅसेट नेऊन रिकाम्या टीडीकेवर भरून घेतली होती आणि मूळ कॅसेट कधी परत केली नव्हती. ग्रुपवर तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. तिथे भांडून उपयोग नाही, पुढच्या मिनिटाला कोणाचं तरी गुड मॉर्निंग येतं. म्हणून इथे लिहितेय. लांब होईल. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

घरी बसवायला हवं होतं म्हणे. अरे, सहा वर्षं बहुतेक घरीच होता तो! पार्किन्सन्स, मणक्याच्या शस्त्रक्रिया, ठरलेले दौरे रद्द. त्या रात्री त्यानं स्वतः स्टेजवरून सांगितलं की सहा वर्षं मी पडून आहे. मी तो कार्यक्रम पैसे भरून बघितलाय, रात्री उशिरापर्यंत जागून. पाच गाणी त्याची स्वतःची आणि चार सॅबथची. एवढंच गायला तो. पण सॅबथचे चौघेही मूळचे होते. ड्रमर बिल वॉर्ड 2005 नंतर पहिल्यांदाच ह्या तिघांबरोबर बसला. आणि ते मैदान ॲस्टनमध्ये आहे, ज्या गल्ल्यांमध्ये हे चौघे लहानाचे मोठे झाले तिथेच. पैसे पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि मुलांच्या हॉस्पिटलला गेले. सतरा दिवसांनी, 22 जुलैला, तो गेला. 76 वर्षांचा होता.

घरी परत येण्याच्या त्या गाण्यात कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. दंडभर गोंदवलेले, पन्नाशी-साठीचे दांडगे बाप्ये हमसून रडत होते. आणि आमचा ग्रुप हसतोय.

मला राग का येतो ते सांगते. त्यासाठी माझ्या सरांबद्दल सांगायला हवं.

वसईत मी ज्यांच्याकडे गिटार शिकले ते सर तरुणपणी चर्चगेटच्या रेस्टॉरंटांमध्ये बँडमध्ये वाजवायचे. तेव्हा तिथे संध्याकाळी लाइव्ह बँड असायचे. पुढे ताडदेवला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. नाव कुठे छापून आलं नाही. संध्याकाळची विरार लोकल, खांद्यावर गिटार, असं आयुष्य. डिसेंबर 2011 मध्ये, नाताळच्या आसपास, चर्चच्या मैदानात कार्यक्रम होता. सर तेव्हा 71 वर्षांचे. बोटांची पेरं सुजलेली, गुडघे गेलेले. पोरांनी स्टेजवर खुर्ची ठेवली, सर बसले, आणि दुसऱ्याच ओळीत अडकले. थांबले. परत सुरू केलं. परत अडकले. हातातलं पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, खाली पडलं. मागे उभ्या असलेल्या पोरांमध्ये कोणीतरी शीळ घातली. आणि मग हशा. तो हशा माझ्या कानात आहे अजून, म्हणून आज सकाळचे ते अकरा चेहरे मला सहन होत नाहीत.

सरांबद्दल आणखी सांगायचंय, पण आधी दुसरा मुद्दा.

म्हातारपणी गाणारा माणूस आपल्याला नवीन आहे का? 2007 साली भीमसेनजी सवाईत गायले तेव्हा 85 वर्षांचे होते. मंडपात कोणाची हिंमत झाली असती का "घरी बसा" म्हणायची? एक "सा" लागला तरी माणसं डोळे पुसत होती. अमेरिकेचा ब्लूज गिटारवाला बडी गाय 2023 मध्ये बांद्र्याला मेहबूब स्टुडिओत आला, 86 वर्षांचा. तिथेही कोणी वय काढलं नाही, कारण ब्लूजवाला म्हातारा असलेलाच बरा असं आपण ठरवून टाकलंय. मग रॉकवाल्यानंच काय घोडं मारलंय? त्यानं पंचविशीतच मरायला हवं? की आपलं पोट सुटलं, केस गेले, हे आपल्याला त्याच्याकडे बघून आठवतं, म्हणून तो डोळ्यांत खुपतो? मला तर हेच वाटतं. आपल्याला तो नको असतो, आपल्याला आपली विशी हवी असते. आणि ती द्यायचं कंत्राट त्यानं घेतलेलं नाही.

म्हातारं होण्याआधी मेलेलं बरं, असं द हू हा बँड 1965 साली गायला. ती ओळ लिहिणारा पीट टाऊनशेंड तेव्हा विशीचा होता. विशीत माणूस काहीही लिहितो. 2025 मध्ये तोच टाऊनशेंड 80 व्या वर्षी अमेरिकेत निरोपाचा दौरा करत होता. लोक ही ओळ त्याच्या तोंडावर फेकतात. मी म्हणते, जगला हे बरं झालं ना?

आणि सॅबथबद्दल "शरीर साथ देत नाही तर कशाला" हे म्हणणाऱ्याला तर सॅबथ कळलेलाच नाही. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीचा शेवटचा दिवस. मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. कारखान्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो भाजलेल्या हातानं, दोन बोटांवर गिटार वाजवायचा. मग ह्या पोरानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वरून चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून पातळ तारा लावल्या, पुढे तिसऱ्या अल्बमपासून तारा दीड सूर खाली उतरवल्या. तो जो जडशीळ, खर्जातला आवाज आपण हेवी मेटल म्हणून छातीवर मिरवतो, तो त्या जायबंदी बोटांतून आलाय. मोडलेल्या शरीरानं सुरू झालेलं हे संगीत. ते मोडलेल्या शरीरानं संपलं तर तुम्हाला लाज वाटते?

जाऊ दे. चहा घेऊन आले. थोडं शांतपणे लिहिते.

2003 च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स हा बँड मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला तेव्हा मी सरांना घेऊन गेले होते. सर खूश होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आमच्या मागची पोरं तेव्हाही "म्हातारे आले, म्हातारे आले" करत होती. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा 59 वर्षांचा होता! त्यानंतर वीस वर्षं उलटून गेली, 2024 मध्येही तो स्टेजवर पळत होताच. पण सर जॅगरकडे बघतच नव्हते. माझा दंड धरून म्हणाले, "बाय, त्या ड्रमरचा उजवा हात बघ. स्नेअरवर मारताना हाय-हॅट सोडतो. एक ठोका जास्त मारत नाही." चार्ली वॉट्स. (स्नेअर म्हणजे पुढ्यातला ड्रम, हाय-हॅट म्हणजे बाजूची झांजांची जोडी.) मी आयुष्यभर त्यांची गाणी ऐकली आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून दुसरं काही दिसत नाही. वॉट्स 2019 पर्यंत वाजवत होता, 78 वर्षांचा होईपर्यंत, आणि तो उजवा हात शेवटपर्यंत तसाच उचलायचा.

म्हातारा वादक हेच करतो. जास्तीचं टाकून देतो. काळी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये उतरवतो, लय जरा सोडतो, जिथे दहा सूर घ्यायचा तिथे तीन घेतो, आणि ते तीन असे घेतो की बाकीचे सात तुमच्या कानात आपोआप वाजतात. हे ऐकायला कान लागतो. मोबाइल उंच धरून बघणाऱ्याला नाही कळायचं.

आता तुमचे मुद्दे. पैशासाठी करतात? करतात काही जण, तिकिटांचे दर बघून माझंही डोकं फिरतं, आणि "शेवटचा दौरा" म्हणून चार-चार वेळा निरोप घेणारे मलाही आवडत नाहीत. रश बँडच्या ड्रमरनं, नील पर्टनं, 2015 मध्ये स्वतःहून काठ्या खाली ठेवल्या. गायक स्टीव्हन टायलरचा गळा बरा होईना म्हणून एरोस्मिथ बँडनं 2024 मध्ये दौरे बंद केले. दोघांनाही माझा नमस्कार. पण ते त्यांनी ठरवलं. ग्रुपवरच्या आजोबा-आजोबा करणाऱ्यांनी नाही.

आणि एक गोष्ट मला अजिबात चालत नाही, ती म्हणजे खोटं. स्वतःचा तिशीतला आवाज टेपवरून सोडायचा आणि वर नुसते ओठ हलवायचे. किस बँडनं तर डिसेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या कार्यक्रमात जाहीर केलं की आता आमचे डिजिटल पुतळे पुढे कार्यक्रम करतील. म्हातारे न होणारे पुतळे! ह्यावर कोणी हसलं नाही, ह्याला सगळे "वा, काय टेक्नॉलॉजी" म्हणाले. थरथरणाऱ्या खऱ्या माणसाला हसायचं आणि पुतळ्याला टाळ्या वाजवायच्या. संताप येतो मला. फिल कॉलिन्स बघा, मार्च 2022 मध्ये लंडनला त्याच्या जेनेसिस बँडचा शेवटचा कार्यक्रम. जगातला एवढा मोठा ड्रमर, हातात काठी धरवत नाही, खुर्चीवर बसून गातोय आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा. काही लपवलं नाही. झालं ते असं झालं, हे बघा, असं म्हणून बसला लोकांसमोर. ह्याला हिंमत लागते. पंचविशीत शर्ट काढून नाचायला लागते त्याच्या दसपट.

सरांचं सांगायचं राहिलं होतं ना, ते सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

2012 च्या नाताळच्या कार्यक्रमाची बैठक झाली. पोरं म्हणाली, सर परत वाजवतो म्हणतायत, काय करायचं? कोणी तोंड उघडेना. शेवटी त्यांच्याकडे बोलायला मी गेले. मीच. कारण मी त्यांची लाडकी. ओट्यावर बसले होते, शेंगा सोलत. मी म्हणाले, "सर, ह्या वर्षी आम्ही तुमचा सत्कार करायचं ठरवलंय." ते शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "आणि वाजवायचं?" मी म्हणाले, "थंडी असते सर, बोटं आखडतात, कशाला उगाच त्रास." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. एवढंच. वाद घातला असता, रागावले असते तर बरं झालं असतं.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पाच मिनिटांचं भाषण, टाळ्या. सर पहिल्या रांगेत, शाल मांडीवर, आणि स्टेजवर त्यांचेच विद्यार्थी वाजवतायत. आपल्याकडे माणसाला स्टेजवरून उतरवायची ही सगळ्यात सभ्य रीत आहे. खांद्यावर शाल टाकायची आणि खाली बसवायचं. मी टाळ्या वाजवत होते.

2014 मध्ये सर गेले. महिन्यानं मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं सांगितलं की रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बसून वाजवायचे. खिडकी लावून घ्यायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "अडकायचे का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाय गं. मस्त वाजवायचे."

मला कळेना. मग तिनं ते बसायचे ती जागा दाखवली. चुलीपुढे बसायचं असतं तसलं लाकडी स्टूल, बिनहाताचं. आणि माझ्या डोळ्यांपुढे 2011 चं स्टेज आलं. आम्ही त्यांना दिली होती ती मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही बाजूंना हात असलेली. गिटार त्या हातावर टेकत होती, उजवं कोपर मोकळं फिरत नव्हतं. म्हणून पिक पडलं. बोटांचा दोष नव्हता, निदान सगळा नव्हता. चाळीस वर्षं गिटार वाजवणारी मी पंधरा फुटांवर उभी होते आणि मला खुर्ची दिसली नाही, मला फक्त म्हातारा माणूस दिसला. व्हिला पार्कवर कोणीतरी त्या माणसासाठी बसायची जागा नीट विचार करून बांधली होती. आम्हाला एक स्टूल आणता आलं नाही.

शाल कपाटात होती. प्लास्टिकच्या पिशवीत, टाचण्यांसकट.

असो. ह्या नाताळला आमच्याकडे परत कार्यक्रम आहे. सरांच्या बरोबरीनं रेकॉर्डिंगला जाणारे एक सॅक्सोफोनवाले काका अजून आहेत, ऐंशीच्या घरातले. दम पुरत नाही म्हणतात, एखादंच गाणं होईल. पोरं पुन्हा सत्काराचं बोलायला लागलीयत. मी बैठकीत सांगून आलेय, शालीचे पैसे माझ्याकडे द्या. पापडी गावातल्या सुताराला माप दिलंय. अठरा इंच उंची, बसायला रुंद, मागे टेकायला पाठ आणि हात अजिबात नाहीत.