चेनसॉच्या दाताला अँगल ग्राइंडर लावू नका

चेनसॉ वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. थोडक्यात तो असा: चेन बोथट झाली की कानस घेऊन तासभर घासत बसू नका. अँगल ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावा, प्रत्येक दातावर क्षणभर टेकवा, दातापुढचा छोटा उंचवटा जमेल तेवढा उडवून टाका. पाच मिनिटांत चेन नव्यापेक्षा जोरात कापते. कानशीची धार तशीही टिकत नाही, आणि एकदा धार लागली की बाकी कशाकडे बघायची गरज नाही.

स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या चेनना मी बरीच वर्षं धार लावतोय. हा सल्ला ऐकून वाट लागलेल्या चेन माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच चेनमध्ये अजून निम्मं आयुष्य शिल्लक असतं. चेन गेली तर एक वेळ नवीन घेता येईल, पण यातली एक गोष्ट थेट माणसाच्या अंगावर येणारी आहे. म्हणून एकेक दावा घेऊन बोलतो.

पहिला दावा: डिस्क टेकवली की धार लागते.

चेनचा एक दात बोटांत धरून बाजूने बघा. वर एक सपाट पत्रा आहे, मागे जाताना किंचित उतरता. तोच पत्रा कडेला वळून खाली येतो आणि उभी भिंत होते. उभ्या भिंतीची कड लाकडाचे तंतू कापते आणि वरच्या पत्र्याची कड रंध्याच्या पात्यासारखी ढलपी सोलून उचलते. दोन्ही कडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि बोथटतोही आधी तोच. या दोन कडांच्या पोटात गोल पोकळी आहे.

ही पोकळी आली कुठून? आधीच्या चेनना हातकरवतीसारखे उभे दात असायचे, ते लाकूड ओरबाडायचे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तंतू कोणत्या दिशेला आहेत याची पर्वा न करता ती डावीकडे-उजवीकडे कापत आपल्या बाकदार जबड्यांनी आरपार जात होती. कॉक्सने तो जबडा पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये ती चेन बाजारात आणली. आज आपण वापरतो ती बहुतेक प्रत्येक चेन त्याच घराण्यातली: एक दात डावा, एक उजवा, दोघांचं पोट गोल.

पोट गोल म्हणून कानसही गोल. पातळ चपटी डिस्क त्या पोटात सरळ चर पाडते. वरच्या पत्र्याखालची आकडी, म्हणजे कडेखालचा आत वळलेला बाक, निघून जाते आणि कड जाड, उभी राहते. बोट लावलं तर ती टोचते, त्यामुळे धार आल्यासारखं वाटतं, पण लाकडात ती शिरत नाही, घासते. शिवाय डिस्क हाताने धरलेली. एका दाताला २५ अंश, दुसऱ्याला ४०, असं होणारच. बहुतेक चेनना वरच्या पत्र्याचा कोन ३० अंशांच्या आसपास लागतो, काहींना २५ किंवा ३५, आणि तो डाव्या-उजव्या सगळ्या दातांना सारखा लागतो. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले की बार (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती) ओंडक्यात सरळ न जाता एका अंगाला वळत जातो आणि अडकतो. अशी वाकडी कापणारी चेन आली की लोक बारला दोष देतात. कधी तो खरंच बारचा असतो, पण मी आधी दातांची लांबी मोजतो.

आणखी एक नुकसान सहसा नजरेत येत नाही. डिस्क दातावरून घसरली की शेजारच्या जोडपट्टीला किंवा खालच्या ड्राइव्ह लिंकला, म्हणजे बारच्या खोबणीत चालणाऱ्या कडीला, खाच पडते. पूर्ण थ्रॉटलवर चेन सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळते. तुटायची झाली तर ती त्या खाचेपासून तुटते.

दुसरा दावा: क्षणभर टेकवल्याने काही होत नाही.

होतं. दाताची कड इतकी पातळ असते की उष्णता पळून जायला तिथे धातूच नसतो. एका ओळखीच्याने आणलेली चेन मी उजेडात धरली, तर उजव्या बाजूच्या पाच दातांची टोकं जांभळट-निळी दिसली. निळा रंग म्हणजे त्या जागी पोलादाचं पाणी उतरलं. अशी कड मऊ पडते आणि दोन-तीन कापांत गोल होते. त्याच चेनवर दोन दातांचं उलटं झालं होतं. ते इतके तापले होते की बाकीच्या थंड धातूने त्यांना झटक्यात गार केलं आणि वर काचेसारखा कडक थर तयार झाला. नवी कोरी कानस त्यांच्यावरून चिरका आवाज करत नुसती सरकत होती, एक कणही निघत नव्हता. असे दात ठिसूळ असतात, गाठीवर आपटले की त्यांची कपची उडते.

खास चेनसाठी बनवलेलं टेबलावरचं ग्राइंडर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चेन पकडीत बसते, कोन ठरलेला असतो, चाकाच्या कडेला गोलाई दिलेली असते, आणि शिकलेला माणूस हलके-हलके टेकवून प्रत्येक वेळी दाताला गार व्हायला वेळ देतो. दगडावर आपटून दातांची टोकं उडाली असतील तर मीही चेन तशा ग्राइंडरवरच नेतो. कार्बाइडच्या दातांना तर साधी कानस चालतच नाही, डायमंडचं चाक लागतं. माझा विरोध हाताने धरलेल्या अँगल ग्राइंडरला आहे.

तिसरा दावा: दातापुढचा उंचवटा उडवला की चेन दुप्पट वेगाने कापते.

यावर जास्त थांबतो, कारण धोका इथे आहे आणि या दाव्याच्या मुळाशी अर्धं सत्यही आहे.

त्या उंचवट्याला कोणी रेकर म्हणतं, कोणी डेप्थ गेज. त्याला धार नसते, तो कापत नाही. दाताने एका वेळी किती खोल घास घ्यायचा ते तो ठरवतो. त्याचं डोकं दाताच्या कडेपेक्षा जेवढं खाली, तेवढी जाड ढलपी. हा फरक बहुतेक चेनवर ०.६५ मिमीच्या आसपास असतो. लहान मशीनच्या चेनवर थोडा कमी, मोठ्यांवर थोडा जास्त.

आता अर्धं सत्य. दाताचा वरचा पत्रा मागे उतरता आहे, हे वर आलंच. प्रत्येक वेळी धार लावली की कड थोडी मागे सरकते, म्हणजे थोडी खालीही जाते. रेकर मात्र जिथल्या तिथे. चार-पाच वेळा धार लावल्यावर दोघांमधला फरक इतका कमी होतो की दात कितीही धारदार असले तरी लाकडाला नुसते चाटून जातात. नेमकी तेव्हाच माणसाची चिडचिड होते: आत्ताच धार लावली आणि ढलप्यांऐवजी भुसा येतोय! अशा वेळी कोणी रेकर घासला, चेन सुसाट कापायला लागली, आणि तिथून 'रेकर उडवा' हा सल्ला जन्माला आला असावा. घासायचं ते बरोबरच होतं. चूक झाली ती न मोजता घासण्यात.

रेकर पार खाली गेला की दात मिळेल तेवढं लाकूड तोंडात घेतो. मशीन हिसके देतं, इंजिन गुदमरतं, क्लचवर ताण येतो, बार आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) लवकर झिजतात. आणि बारच्या टोकाचा वरचा भाग चुकून कुठे टेकला, तर दात तिथे इतका खोल रुततो की पूर्ण मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे, खांद्याकडे येतं. याला किकबॅक म्हणतात. ते इतक्या झटक्यात होतं की हाताने थोपवणं जमत नाही. रेकर जितका खाली, तितका हा धोका मोठा. कमी किकबॅकसाठी रेकरला मुद्दाम उतार दिलेल्या किंवा मध्ये जादा कड्या बसवलेल्या चेन मिळतात. त्यांच्यावर डिस्क चालवणं म्हणजे ते संरक्षण स्वतःच्या हाताने कापून टाकणं.

बरोबर पद्धत सोपी आहे. रेकर मोजायची छोटी पट्टी चेनवर ठेवायची. तिच्या खाचेतून रेकरचा जेवढा भाग वर डोकावेल, तेवढाच चपट्या कानशीने काढायचा आणि पुढचा कोपरा पुन्हा गोल करायचा. तो गोल करायला बरेच जण विसरतात, मग रेकर लाकडात सरकायच्या ऐवजी अडतो.

चौथा दावा: कानशीला तास लागतो.

७२ ड्राइव्ह लिंकच्या साध्या चेनला ३६ दात असतात, १८ डावे आणि १८ उजवे. वेळेवर हात फिरवला तर प्रत्येकाला कानशीचे दोन-तीन फटके पुरतात. बार वाइसमध्ये पकडला, पहिल्या दातावर खडूची खूण केली, की दहा ते पंधरा मिनिटांचं काम आहे. तास लागतो तो बोथट चेन दिवसभर रेटल्यावर. मी टाकी भरायला थांबतो तेव्हाच दातांवरून नजर फिरवतो. ढलप्यांच्या जागी पिठासारखा भुसा यायला लागला, किंवा मशीनवर जोर द्यावा लागला, की त्याच वेळी कानस काढतो.

पाचवा दावा: कानशीची धार टिकत नाही.

माझ्या अनुभवात धार टिकली नाही तेव्हा बहुतेकदा कानस चुकीच्या मापाची निघाली. कानशीची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या ठरलेल्या अंतरावर, ठरते: ०.३२५ इंच पिचला साधारण ४.८ मिमी, ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमी, लो-प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) ३/८ ला ४ मिमी, ०.४०४ ला ५.५ मिमी. पक्कं माप चेनच्या डब्यावर असतं. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसायला हवा. ती फार खाली बसली तर आकडी जास्त येते, आणि कड कागदासारखी पातळ होऊन लगेच मोडते. मग लोक म्हणतात, धार टिकली नाही.

दुसरी चूक दिशेची. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ कडक थर असतो, कड टिकते ती त्याच्या आधाराने. म्हणून कानस नेहमी दाताच्या आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मागे ओढली तर कानशीचेच दात मरतात. बोथट दातावर क्रोमची कड चमकताना दिसते. ती चमक पूर्ण जाईपर्यंत घासलं नाही तर नव्या कडेखाली जुनीच खराब कड राहते. कानसही कायम टिकत नाही. ती घासायच्या ऐवजी सरकायला लागली की बदलायची.

आणि धार कुठलीही असो, मातीने माखलेल्या सालीत किंवा जमिनीला टेकलेल्या ओंडक्यात घातली तर काही सेकंदांत जाते.

सहावा दावा: धार लागली की बाकी काही बघायला नको.

बारची खोबण साफ हवी आणि तेलाचं भोक मोकळं हवं, नाहीतर नवी चेनसुद्धा कोरडी पळून तापते. बार अधूनमधून उलटा करायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. थंड असताना चेन बारच्या खालच्या बाजूला टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ओढली तर फिरायला हवी. काम करताना गरम झाल्यावर ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करायची, नाहीतर गार होताना ती आकसते आणि इंजिनच्या क्रँकशाफ्टवर ताण येतो. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवू नका, दात कितीही धारदार असले तरी झिजलेलं स्प्रॉकेट तिचं पिच बिघडवतं.

डिस्क आधीच फिरवून झाली असेल, तर कशालाही हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. मग सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे दात कानशीने त्याच्या लांबीवर आणा. निळा भाग पूर्ण घासून गेला पाहिजे. रेकर जास्त खाली गेले असतील तर त्यांना हात लावू नका. दातच मागे घासत न्या, कड खाली येत जाईल आणि फरक पुन्हा पट्टीच्या मापात बसेल. ते करताना दातामागची झिजेची खूण ओलांडली गेली, किंवा एखाद्या जोडपट्टीवर खाच दिसली, तर ती चेन मशीनवर चढवू नका.